फेरीची तारीख

आमच्या कासव-बचाव केंद्रात मला 'काळजीवाहू सरकार' म्हणतात. हे नाव टाकीवाल्या काकांनी ठेवलं आणि बाळंतपणाच्या रजेवरून परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी ते कमावलं. लहान टाकीत एक कासव तळाशी निपचित पडलं होतं. वीस मिनिटं मी घड्याळ लावून पाहिलं, ते काही वर येईना. मग मी असा काही आरडाओरडा केला की डॉक्टर हातातला चहा सांडत धावत आल्या. कासव झोपलेलं होतं. आमच्या गोंगाटानं ते जागं झालं, वर आलं, एक श्वास घेतला, माझ्याकडे जरा बघितलं आणि पुन्हा खाली जाऊन झोपलं.

"झोपलेलं कासव पाच-पाच तास श्वास न घेता राहू शकतं," काका भिंतीवरचा तक्ता मोठ्यानं वाचायला लागले. "असं इथं लिहिलंय बरं का. अक्षर कुणाचं म्हणायचं हे?"

अक्षर माझंच होतं. शाळेची मुलं केंद्र बघायला येतात, त्यांच्यासाठी मी रजेवर जाण्याआधी तो तक्ता रंगवला होता. समुद्रात राहणारे सरपटणारे प्राणी आणि त्यांची कामं. चामडी पाठीचं कासव जेलीफिश खाऊन त्यांची गर्दी आटोक्यात ठेवतं. चोचीसारख्या तोंडाचं कासव प्रवाळावर माजलेले स्पंज कुरतडून प्रवाळाला जागा करून देतं. समुद्रसाप कपारीत घुसून वाम मासे हुडकतात. खाऱ्या पाण्यात तग धरणारी मगर खाडीच्या तोंडाशी पहारा देते. आणि सगळ्यात खाली, सगळ्यात मोठं चित्र हिरव्या कासवाचं होतं. ते गवत कापतं.

हे चित्र मी एकीला डोळ्यांसमोर ठेवून काढलं होतं. तिच्या पाठीच्या मागच्या कडेला अर्धचंद्रासारखी खाच आहे, कधीतरी बोटीचा पंखा लागलेला. अकरा वर्षं ती दर हंगामात आमच्या आखातात येते. डॉक्टर सांगतात, ती यायच्या आधी तळाचं समुद्रगवत हातभर उंच माजलं होतं. पात्यांवर बुळबुळीत थर, खाली कुजका गाळ, मासा फिरकायचा नाही. मग ही आली आणि तिनं कापायला घेतलं. रोज तोच तुकडा, पातं मुळाच्या वर नीट छाटून. छाटलेल्या जागी कोवळी पाती फुटली, उजेड तळाला पोचला, आणि दोन-तीन वर्षांत गवतात माशांची पिल्लं दिसायला लागली. तिच्या पाठोपाठ आणखी चार-पाच कासवं आली. धक्क्यावरचे लोकसुद्धा तिला ओळखतात. तिचं नाव माळीणबाई.

मी केंद्रात नोंदी ठेवते. कोण आलं, कधी, कुठून, वजन किती, श्वास किती. श्वास मोजण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, कारण घरीही माझं तेच चालतं. लेक सात महिन्यांची आहे. ती झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरून बसते. नवरा म्हणतो, "अगं, बोटाच्या गुदगुल्यांनीच ती जागी होते." होऊ दे. जागी झाली म्हणजे श्वास चालू आहे.

कामावर आल्यापासून लेक सासूबाईंकडे असते. दिवसातून मी सहा फोन करते. काका म्हणतात आठ. सासूबाईंनी चाळीस वर्षं धक्क्यावर मासळी निवडण्याचं काम केलंय, हजार माणसांच्या गलक्यात त्यांचा आवाज ऐकू जायचा. त्यामुळे त्या फोनवर काय बोलतात ते सगळ्या केंद्राला कळतं. "दूध प्यायली, शी केली, श्वास घेतीये! ठेव आता!"

तर त्या दिवशी, बारा तारखेला, मी साडेनऊला पोचले तेव्हा काका दारातच उभे होते आणि त्यांनी मला काहीच नाव ठेवलं नाही.

"माळीणबाई," ते म्हणाले. "जाळ्यात सापडली."

केंद्र उघडायच्या आधीच कुणीतरी हातगाडीवर तिला आणून दाराशी ठेवलं होतं. अंगावर ओली पोती नीट पांघरलेली. पुढच्या वल्ह्यासारख्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली: ११ तारीख, पहाटे ५. खाली बोटीचा नंबर. तो नंबर आम्हाला माहीत होता. त्या बोटीचा तांडेल भला माणूस, जाळ्यात आलेलं कासव कधी परत फेकून द्यायचा नाही. काकांनी त्याला फोन लावला होता, पण रात्रभर समुद्रावर जागलेला माणूस फोन बंद करून झोपला होता.

आत मोठ्या टेबलावर ती पडली होती. मान लोंबती. डॉक्टर तिच्या डोळ्याला ओल्या कापसाचं टोक लावत होत्या. पापणी हलली नाही. मानेला तेल लावून त्यांनी ठोके ऐकायचं यंत्र धरलं. खरखर, खरखर, बाकी काही नाही. मिनिटभरानं त्यांनी यंत्र खाली ठेवलं.

"काल पहाटे पाच," त्या म्हणाल्या. "म्हणजे साडेअठ्ठावीस तास झाले."

पाण्यात गुदमरलेलं कासव मेल्यासारखं दिसतं, पण कित्येकदा मेलेलं नसतं. म्हणून आमच्याकडे भिंतीवर नियम लिहिलाय, बाहेर काढल्यापासून चोवीस तास त्याला मेलं म्हणायचं नाही. मागची बाजू उंच करायची, फुप्फुसातलं पाणी निथळू द्यायचं, वाट बघायची. आणि चोवीस तासांनंतर कापून बघायचं, कशानं गेलं ते. तेही आमचंच काम. नमुने बर्फात घालून बाराच्या गाडीनं प्रयोगशाळेत जातात.

"अकराला सुरू करू," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त चष्मा त्यांनी दोनदा पुसला.

मी टेबलाजवळ उभी राहिले. नाक जवळ नेलं.

"डॉक्टर, वास येत नाहीये."

"कसला?"

"कसलाच. या उकाड्यात अठ्ठावीस तास झालेलं जनावर..." सात महिने मी वासावर जगत होते, दूध नासलंय का, लंगोट ओला आहे का. माझं नाक चुकत नाही. "आणि डोळे बघा, खोल गेलेले नाहीत."

"बोटीवर बर्फ असतो. तांडेलानं थंडाव्यात ठेवलं असेल."

"पण—"

"हे बघ," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुला वाईट वाटतंय, मला दिसतंय. मला नाही वाटत होय? अकरा वर्षं ओळखते मी हिला. पण भिंतीवरचा नियमही तूच लिहिलायस."

काका मागून म्हणाले, "सरकार, या वेळी नाही ती झोपलेली." त्यात चेष्टा नव्हती. म्हणूनच ते जास्त लागलं.

आठवडाभरापूर्वी लांडगा आला रे आला करून झालं होतं, आता कुठल्या तोंडानं बोलणार? फॉर्म घेऊन मी टेबलाच्या टोकाशी बसले. जात: हिरवं कासव. लिंग: मादी. खूण: कवचाच्या मागे खाच. डॉक्टर आत हातमोजे शोधत होत्या. काका सुऱ्या उकळत्या पाण्यातून काढून एकेक फडक्यावर मांडत होते, आणि दर सुरी काढताना भांड्याला टण् असा आवाज होत होता. पुढचा रकाना: मृत्यूची तारीख.

चिठ्ठी बघून उतरवायची म्हणून मी ती हातात घेतली. निळं प्लॅस्टिक, एका कडेला भोक, भोकातून नायलॉनची दोरी. अशा चिठ्ठ्या आमच्या घरी ढिगानं आहेत. सासूबाई त्यांवर डब्यांतली डाळ-साखर लिहितात. ही कासवाची चिठ्ठी नव्हतीच. मासळीच्या क्रेटला बांधतात ती होती.

आणि मला नवऱ्याचे वाढदिवस आठवले.

नवऱ्याला दोन वाढदिवस आहेत. तो जन्मला तेव्हा सासरे समुद्रावर होते. निरोप बोटीवर पोचला आणि त्यांनी आनंदानं तिथल्या खोलीच्या लाकडावर तारीख कोरून ठेवली. घरी आल्यावर तीच सरकारी कागदावर सांगितली. ती निघाली तीन दिवस आधीची! कारण बोटीवर तारीख बदलत नाही. बोट ज्या दिवशी धक्का सोडते तीच त्या सगळ्या फेरीची तारीख. पुढे दोन दिवस जावोत की चार, प्रत्येक क्रेटवर तीच पडते, म्हणजे उतरवताना एका फेरीचा माल एकत्र राहतो. सासूबाई आजही चिडवतात, "माझ्या पोटात असतानाच याच्या बापानं याला जन्माला घातलं." आणि नवरा निर्लज्जपणे दोन्ही दिवशी भेटवस्तू घेतो.

खुर्ची मागे सरकवून मी फोन लावला.

"घ्या," काका सुरी पुसत पुटपुटले, "तिसरा फोन."

पलीकडून नेहमीचा आवाज आला. "दूध प्यायली, शी केली, श्वास—"

"आई, ते राहू दे!"

माझ्या तोंडून हे वाक्य त्यांनी सात महिन्यांत ऐकलं नव्हतं. "काय झालं गं? बरी आहेस ना?"

"आई, क्रेटच्या चिठ्ठीवर अकरा तारीख, पहाटे पाच असं लिहिलं असेल, तर ती कुठली पहाट?"

"अकरा ही फेरीची तारीख. पहाट असेल त्यानंतरची कुठलीतरी. इतकी वर्षं आमच्या घरात राहून हे विचारतेस?"

मी बोटीचा नंबर सांगितला. "ही बोट कधी निघाली असेल?"

"असेल काय? काल दुपारी निघाली. काल सकाळी तो तांडेल धक्क्यावर जाळं विणत बसला होता की. बबडीला त्यानं जाळ्याचं ते लाकडी तरंगतं दिलं खेळायला, तिनं ते चावलं पण."

"तुम्ही तिला धक्क्यावर नेलंत? उन्हात? चावलं म्हणजे—"

"बघ, आली मूळ पदावर!" सासूबाई गरजल्या. "काल सकाळी दहाला तो माणूस माझ्यासमोर बसला होता. काल पहाटे पाचला तो समुद्रात कासव कुठून ओढणार? ती आजची पहाट आहे, आजची!"

शेवटचं वाक्य मला कुणाला सांगावं लागलं नाही. डॉक्टर दारात उभ्या होत्या, एका हातात मोजा चढलेला, दुसरा उघडा. काकांच्या हातातली सुरी तशीच राहिली.

"आज पहाटे पाच," डॉक्टर म्हणाल्या. घड्याळात पावणेअकरा झाले होते. "म्हणजे पावणेसहा तास."

"सुऱ्या उचला," मी म्हणाले. खरं तर मी ओरडले. केंद्रातल्या सगळ्यात धाकट्या माणसानं डॉक्टरांसमोर ओरडायचं नसतं, पण कुणालाच ते खटकलं नाही. काकांनी फडक्याची चारी टोकं धरून सुऱ्या गाठोड्यासारख्या उचलल्या आणि खोलीबाहेर नेल्या. परत आले ते जुनं टायर घेऊन.

टायरवर तिची मागची बाजू चढवली, डोकं खाली. वीतभर उंची पुरते. लगेच तिच्या तोंडातून पाण्याची धार लागली, टेबलावरून माझ्या चपलांवर. डॉक्टरांनी पुन्हा मानेला तेल लावलं आणि यंत्र धरलं. खरखर. एक मिनिट. दोन.

"द्या माझ्याकडे," मी म्हणाले.

"हात भरून येईल."

"रोज धरते मी. सवय आहे."

मी डोळे मिटले. लेकीच्या पाळण्याशी बसते तशी बसले, कानाशिवाय अंगात काही नाही अशी. तीन मिनिटं. साडेतीन. बाहेर गाडीचा भोंगा वाजला, नमुने न्यायला आज तासभर आधीच आलेली. काकांनी खिडकीतून हातानंच तिला जा म्हणून सांगितलं. चार मिनिटं. खरखर, खरखर...

धप्.

"ऐकलंत?"

सगळे श्वास रोखून उभे होते. पुढचा ठोका यायला आणखी दीड मिनिट लागलं. धप्. या वेळी काकांनीही ऐकला. एरवी कशानंच न हलणारा तो माणूस मटकन खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "अरे देवा, मी सुऱ्यांना धार लावून ठेवली होती."

मग डॉक्टरांना जी चालना मिळाली! साठीच्या बाई आहेत म्हणून सांगून कुणाला पटलं नसतं. घशात नळी, नळीला पंप, दर पाच मिनिटांनी एक हलका श्वास. इंजेक्शन. कोमट पाण्याचे टॉवेल. "पाठ ओली ठेव. नाकपुड्या मोकळ्या. डोळ्यावर ऊन नको." मी नोंद करत होते. ११.०५, ठोका. ११.०६, ठोका. ११.२०, मिनिटाला दोन. साडेबाराला मिनिटाला पाच. डॉक्टरांनी शेपटीच्या टोकाला चिमटा काढला, तेव्हा शेपूट एवढीशी, नखाएवढी आत ओढली गेली. काकांनी टाळी वाजवली आणि लगेच स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

दुपारी दोनला फोन वाजला. सासूबाई. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला फोन केला होता.

"श्वास घेतीये का?"

"नाही अजून, आई. ठोके आहेत."

"मोजत राहा," त्या म्हणाल्या. आणि मग, आवाज जरा उतरवून, "तुला जमतं ते."

तीन वाजून दहा मिनिटांनी डॉक्टरांनी नळी काढून बघितली. "आता तिचं तिनं घ्यायचं," त्या म्हणाल्या. मी टेबलाशी गुडघे टेकले, चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर, बोट नाकपुड्यांखाली. एक मिनिट. बोटाला काही लागेना. दोन मिनिटं. काका मागून हळूच म्हणाले, "ए सरकार, गुदगुल्या कर की." आणि मी खरंच केल्या. नाकपुडीच्या कडेला बोटाचं टोक हलकेच फिरवलं, लेकीला करते तसं.

मान वर उचलली गेली. तोंड उघडलं. आणि फूऽऽस् करून एक असा श्वास बाहेर पडला की माझ्या तोंडावर, चष्म्यावर, फॉर्मवर सगळीकडे पाणी आणि चिकट शेवाळ. कुजलेल्या गवताचा, जुन्या मासळीचा तो वास. घाण वास मला आयुष्यात कधी इतका आवडला नव्हता. लगेच तिनं आत ओढून घेतला, लांबलचक, पोटातून, आणि वल्ह्यासारखा पाय टेबलावर असा आपटला की ट्रे उडाला.

आम्ही तिघंही एकाच वेळी बोलत होतो, कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. डॉक्टरांनी मला खांद्याला धरून उभं केलं. माझ्या गालावरचं शेवाळ त्यांनी स्वतःच्या बाहीनं पुसलं.

"मी सुरी हातात घेणार होते गं," त्या म्हणाल्या. "पंधरा मिनिटांत."

काका भिंतीजवळ गेले, खडू उचलला आणि कामाच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: काळजीवाहू सरकारला आजपासून पूर्ण बहुमत.

संध्याकाळी तांडेल धावत आला, केस विस्कटलेले, शर्टाची बटणं वरखाली. सासूबाईंनी त्याच्या घरी जाऊन त्याला उठवलं होतं. ती टाकीत पोहताना त्यानं बघितली आणि काठावर बसकणच मारली.

"ही मेली असती तर आमच्या पोरांनी मासा कुठून आणला असता?" तो म्हणाला. "पण ताई, तारीख तर मी बरोबर लिहिली होती ना?"

"अगदी बरोबर," मी म्हणाले. "वाचणारे आम्ही चुकीचे."

दुसऱ्या दिवशी मी फॉर्म नव्यानं छापून घेतला. 'तारीख' हा रकाना काढला. त्याजागी दोन आले: 'फेरीची तारीख' आणि 'जाळं वर ओढलं तो वार'. तारखेत घोळ होतो, वारात नाही. बोटीवरसुद्धा सोमवारनंतर मंगळवारच येतो. धक्क्यावरच्या प्रत्येक बोटीला शंभर-शंभर फॉर्म दिले. सासूबाईंनी ते स्वतः वाटले, आणि ज्या आवाजात वाटले त्यावरून कुणी नाही म्हणायची हिंमत केली नसणार.

तीन आठवड्यांनी तिला सोडलं, तांडेलाच्याच बोटीतून. नवरा, सासूबाई, कडेवर लेक, सगळे धक्क्यावर. आखाताच्या मधोमध, गवताच्या बरोबर वर, डॉक्टर, काका, तांडेल आणि मी अशा चौघांनी तिला ताडपत्रीसकट कठड्यावर घेतलं. वजन एकशे बारा किलो, नोंद माझीच. पाणी दिसल्याबरोबर तिनं आमची वाट बघितली नाही. धप्पकन पडली, आम्हाला भिजवलं, दोन वेळा पाय मारले आणि हिरव्या पाण्यात हिरवी होऊन गेली. काचेच्या तळाची बादली पाण्यावर धरून मी खाली बघत राहिले. तळाशी, माजायला लागलेल्या गवतात, एक मोठी सावली स्थिर झाली. मान खाली गेली.

"काय करतीये?" तांडेलानं विचारलं.

"कामावर रुजू झालीये," मी म्हणाले. धक्क्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं तो हसला, आणि तिकडून सासूबाईंचा आवाज आला, "श्वास घेतीये का?"

"घेतीये!" आम्ही सगळे ओरडलो.

दहा दिवसांनी तांडेल केंद्रात आला आणि त्यानं माझ्या टेबलावर ओल्या कागदाची पुडी ठेवली. त्याच्या नांगराला अडकून वर आलेली गवताची पाती होती. टोकं छाटलेली, कात्रीनं कापावीत तशी सरळ, आणि छाटलेल्या जागेच्या खाली नव्या कोंबाची फिकट हिरवी जीभ. पाठोपाठ बोटाच्या पेराएवढं माशाचं पिल्लूही आलं होतं म्हणे, ते त्यानं परत सोडलं.

एक पातं मी घरी नेलं, लेकीला दाखवायला. तिनं ते उलटंपालटं केलं आणि थेट तोंडात घातलं. सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. नवराही.

मी तीनपर्यंत मोजलं. मग काढून घेतलं.